राखेतली जपमाळ : नागासाकीचे डॉ. पॉल ताकाशी नागाई (१९०८-१९५१)



संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून ठार मारण्यात आले. त्यांत आपले गोन्सालो होते आणि येशूसंघाचे जपानी व्रतस्थ पॉल मिकी हेही होते. आपण ही गोष्ट सणाच्या दिवशी ऐकतो आणि तिथेच थांबतो. त्या टेकडीजवळच्या ख्रिस्ती लोकांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही तुम्हांला त्याच नागासाकीतल्या एका प्रापंचिक माणसाचे जीवन सांगणार आहोत. ते डॉक्टर होते, नवरा होते, दोन लेकरांचे बाप होते. १९४५ साली त्यांच्या शहरावर अणुबॉम्ब पडला.

त्यांची निवड करण्यामागे आमचे एक कारण आहे. मयताच्या घरी, दवाखान्यात, तरुण मुलगा गमावलेल्या आईजवळ बसलो असताना धर्मगुरूंना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. आम्ही मिस्सा चुकवली नाही, जपमाळ सोडली नाही, मग देवाने आमच्याच घरी हे का आणले? या प्रश्नावर तत्त्वज्ञानाची पुष्कळ पुस्तके आहेत आणि सेमिनरीत आम्ही त्यांतली काही अभ्यासलीही आहेत. पण दुःखात बसलेल्या माणसाला पुस्तकापेक्षा दुसऱ्या दुःखी माणसाची सोबत जास्त उपयोगी पडते. डॉ. नागाई अशी सोबत देऊ शकतात.

ताकाशी नागाई यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९०८ रोजी जपानच्या शिमाने प्रांतातील मात्सुए येथे झाला. वडील डॉक्टर होते. घराणे शिंतो परंपरेचे. १९२८ साली ते नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ उभे राहून त्यांची खात्री पटली की माणूस म्हणजे केवळ शरीर. आत्मा वगैरे काही नसते. अनेक तरुण विद्यार्थ्यांना असे वाटते, त्यांनाही वाटले.

१९३० साली आईला झटका आल्याची तार आली. ते गावी धावले. आईची वाचा गेली होती. तिने मुलाकडे एकटक पाहिले आणि प्राण सोडला. त्या नजरेने त्यांच्या मनाची घडी विस्कटली. ही आई आता पूर्णपणे नाहीशी झाली, असे म्हणायला त्यांचे मन तयार होईना. त्या काळात पॅस्कल या फ्रेंच विचारवंताचे लेखन त्यांच्या वाचनात आले. पॅस्कल मोठे गणितज्ञ होते आणि श्रद्धावंत ख्रिस्ती होते. विज्ञान आणि प्रार्थना एकाच माणसात नांदू शकतात, हे या वैद्यकीय विद्यार्थ्याला नवे होते.

ख्रिस्ती लोक कसे जगतात ते जवळून पाहावे म्हणून १९३१ साली त्यांनी उराकामी या भागात मोरियामा नावाच्या कुटुंबात राहायला जागा घेतली. या उराकामीची हकिगत इथे सांगायलाच हवी, कारण नागाईंची श्रद्धा तिथल्या मातीत रुजली.

१५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट रोजी जपानच्या किनाऱ्यावर उतरले. पुढे ख्रिस्ती धर्म पसरला, पण १६१४ साली त्याच्यावर देशभर बंदी आली. धर्मगुरूंना हाकलून दिले, कित्येकांना ठार केले. येशूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नाही हे दरसाल सिद्ध करावे लागे. तरीही उराकामीच्या शेतकऱ्यांनी जवळजवळ अडीचशे वर्षे गुप्तपणे श्रद्धा टिकवली. धर्मगुरू नाहीत, मिस्सा नाही. आईबापांनी मुलांना प्रार्थना शिकवायच्या आणि गावातल्याच नेमलेल्या माणसाने बाप्तिस्मा द्यायचा. १७ मार्च १८६५ रोजी त्यांच्यातले काही जण नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये फादर पेतीजाँ यांच्याकडे आले आणि आपली श्रद्धा तीच असल्याचे त्यांनी हळूच सांगितले. त्यानंतर पुन्हा छळ झाला. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले गेले आणि त्यांतले सहाशेच्या वर लोक मरण पावले. १८७३ साली बंदी उठली. परतलेल्या गरीब लोकांनी, जिथे त्यांच्या पूर्वजांना प्रतिमेवर पाय द्यायला लावत त्याच मुखियाच्या घराची जागा विकत घेतली आणि पै पै जमवून तिथे कॅथेड्रल बांधले. १८९५ साली काम सुरू झाले आणि १९१४ साली चर्च पूर्ण झाले.

मोरियामा कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या या गुप्त ख्रिस्ती मंडळींचे पुढारपण करणारे होते. घरातली मुलगी मिदोरी शिक्षिका होती. १९३२ च्या नाताळात या घरच्या लोकांनी नागाईंना मध्यरात्रीच्या मिस्साला नेले. त्याच दिवसांत एका रात्री मिदोरीच्या पोटात असह्य दुखू लागले. अपेंडिक्सचा त्रास आहे हे नागाईंनी ओळखले आणि बर्फातून तिला पाठीवर घेऊन ते इस्पितळात गेले. तिचे प्राण वाचले. पुढे १९३३ साली त्यांना सैन्यात घेऊन मांचुरियाला पाठवले, तेव्हा मिदोरीने त्यांना धर्मशिक्षणाचे पुस्तक पाठवले. परत आल्यावर जून १९३४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पॉल हे नाव स्वीकारले. ते पॉल मिकी यांच्यावरून होते. म्हणजे नागाईंचे आश्रयदाते संत आणि आपले गोन्सालो एकाच दिवशी, एकाच टेकडीवर रक्तसाक्षी झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉल आणि मिदोरी यांचे लग्न झाले.

कानाच्या आजाराने नागाईंचा उजवा कान बहिरा झाला होता. स्टेथोस्कोप वापरणे जमेना, म्हणून ते एक्स-रे विभागात गेले. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद होऊन ते गोरगरिबांना मोफत तपासत. १९३७ ते १९४० या काळात सैन्याचे डॉक्टर म्हणून त्यांना चीनमध्ये राहावे लागले. घरी मुलगा माकोतो आणि मुलगी कायानो अशी दोन मुले वाढली. दोन मुली मात्र तान्ह्या वयातच गेल्या. म्हणजे बॉम्बच्या आधीही या घराने दुःख पाहिले होते.

युद्धाच्या काळात क्षयरोग फार पसरला आणि एक्स-रेची फिल्म मिळेनाशी झाली. नागाई रोज कित्येक रोग्यांना पडद्यावर थेट पाहून तपासत. किरणांचा धोका त्यांना माहीत होता. जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कॅन्सर असल्याचे निदान झाले. तीन वर्षे, फार तर एवढेच आयुष्य हाती होते. त्यांनी घरी येऊन मिदोरीला सर्व सांगितले. तिने मेणबत्त्या लावल्या, पूर्वजांनी छळाच्या काळात जपलेल्या क्रुसासमोर गुडघे टेकले आणि बराच वेळ प्रार्थना केली. मग ती शांतपणे नवऱ्याजवळ येऊन बसली. आपण गेल्यावर मुलांना ही बाई सांभाळील, एवढा एक आधार नागाईंना वाटत होता.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब पडला. विमान आधी कोकुरा शहरावर गेले होते. तिथे लक्ष्य दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. स्फोट उराकामीच्या डोक्यावर झाला. कॅथेड्रल त्या जागेपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होते. १५ ऑगस्टच्या पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून लोक तिथे पापनिवेदनाला आले होते. धर्मगुरू आणि लोक सगळे जागीच गेले. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० जण मरण पावले. त्या वर्षअखेरपर्यंत नागासाकीतल्या मृतांची संख्या ७४ हजारांच्या घरात गेली.

नागाई स्फोटाच्या जागेपासून सुमारे ७०० मीटरवर इस्पितळात होते. काचांनी त्यांच्या कानशिलाजवळची रक्तवाहिनी तुटली. जखम बांधून, वाचलेल्या डॉक्टर-नर्सना घेऊन त्यांनी रोग्यांना आगीतून बाहेर काढले आणि रक्तस्रावाने कोसळेपर्यंत काम केले. घरी जायला त्यांना दोन दिवसांनी सवड मिळाली. घराची राख झाली होती. स्वयंपाकघराच्या जागी मिदोरीची थोडी हाडे उरली होती आणि त्यांच्याजवळ वितळलेली जपमाळ पडली होती. त्यांनी ती हाडे बादलीत गोळा केली. तिने माझ्या अस्थी न्यायच्या होत्या, आणि मीच तिच्या नेत आहे, असा विचार त्यांच्या मनात आला. मुले आजीबरोबर डोंगराकडच्या वस्तीत पाठवलेली असल्यामुळे वाचली होती. माकोतो दहा वर्षांचा होता, कायानो जेमतेम चार वर्षांची.

बंधुभगिनींनो, इथपर्यंतची गोष्ट शोकाची आहे. यानंतर ते देवाला काय म्हणाले असतील, असे आपल्या मनात येते. पण नागाई आधी कामाला लागले. मिदोरीला मूठमाती दिल्यावर ते आपल्या तुकडीसह जवळच्या खेड्यात गेले आणि सुमारे दोन महिने जखमींवर उपचार करत राहिले. स्वतः आजारी असूनही त्यांनी नव्या किरणोत्सर्गी आजाराच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांचा अहवाल लिहिला. उराकामीत ७५ वर्षे काही उगवणार नाही, असे लोक बोलत होते. नागाईंनी जमीन न्याहाळली. मुंग्या दिसल्या, गांडुळे दिसली, गवत दिसले. लोक पुन्हा इथे राहू शकतील असे त्यांनी सांगितले आणि आपल्या घराच्या जागी पत्रे टाकून झोपडी बांधली.

त्या दिवसांत युद्धावरून परतलेला एक ख्रिस्ती सैनिक त्यांना भेटायला आला. त्याची बायको-मुले गेली होती. जो तो त्याला म्हणत होता की हा बॉम्ब म्हणजे देवाची शिक्षा; जे मेले ते पापी होते, वाचले त्यांच्यावर देवाची विशेष कृपा. मग माझी बायको-मुले पापी होती का, असा त्याचा प्रश्न होता. नागाई तेव्हा २३ नोव्हेंबर १९४५ रोजी कॅथेड्रलच्या अवशेषांजवळ होणाऱ्या मृतांच्या मिस्सासाठी भाषण लिहीत होते. ते त्यांनी त्याला वाचायला दिले. त्या भाषणात त्यांनी मृतांना निष्कलंक कोकरू म्हटले. युद्ध संपावे म्हणून उराकामीचे होमार्पण झाले, असे त्यांनी मांडले आणि उरलेल्यांनी देवाचे आभार मानावेत असे सांगितले. वाचता वाचता सैनिकाचे डोळे भरून आले. आपली माणसे शिक्षा होऊन गेली नाहीत, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते.

हे शब्द पचायला जड आहेत, हे आम्ही मान्य करतो. पुढच्या काळात काही बॉम्बग्रस्तांनी आणि अभ्यासकांनी त्यांच्यावर टीका केली. असे बोलल्याने ज्यांनी युद्ध पेटवले आणि ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांची जबाबदारी झाकली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. ही टीका उडवून लावण्यासारखी नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमा व नागासाकीला गेले, तेव्हा युद्ध हे माणसाने केलेले कृत्य आहे, असे त्यांनी हिरोशिमात स्पष्ट सांगितले. हे ऐकून उराकामीच्या अनेक कॅथलिकांच्या मनावरचे ओझे उतरले. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. देव दुष्टपणा करत नाही. संत ऑगस्टीन यांच्या शिकवणीप्रमाणे, वाइटातूनही चांगले घडवण्याचे सामर्थ्य असल्यामुळेच देव वाईट घडू देतो. देवाने मारले असे म्हणणे वेगळे, आणि माणसांनी मारलेल्यांना देवाच्या हाती अर्पण करणे वेगळे. क्रुसावरही हेच घडले. येशूला माणसांनी मारले आणि त्या मरणाचे येशूने अर्पण केले.

नागाईंचा कल कोणत्या बाजूला होता, हे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून कळते. शेवटच्या वर्षांत त्यांनी आपल्या मुलांसाठी लिहिताना युद्धाला कडाडून विरोध केला आणि युद्धाचा त्याग करणारे जपानचे नवे संविधान प्राणपणाने जपा, असे सांगून ठेवले. बॉम्ब ही देवाची करणी आहे असे मानणारा माणूस बॉम्बविरुद्ध असे लिहिणार नाही.

१९४६ च्या मध्यापासून ते अंथरुणाला खिळले. १९४८ साली आसपासच्या लोकांनी त्यांना दोन चटयांएवढी एक खोली बांधून दिली. तिला त्यांनी न्योकोदो हे नाव दिले. जशी स्वतःवर तशी शेजाऱ्यावर प्रीती, या प्रभूच्या आज्ञेतले जशी स्वतःवर एवढेच शब्द त्या नावात आहेत. प्लीहा इतकी सुजली होती की धक्का लागला तरी ती फुटेल, म्हणून मुलांना अंगाशी यायची मनाई होती. एकदा ते झोपले आहेत असे समजून कायानो हळूच जवळ आली आणि तिने वडिलांच्या गालाला गाल लावला. ते जागे होते, पण हलले नाहीत. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. श्रद्धा असली म्हणजे काळजाला पीळ पडत नाही असे नाही. आपण गेल्यावर ही मुले पोरकी होणार, या विचाराने ते रात्र रात्र जागत.

पडल्या पडल्या ते लिहीत राहिले. नागासाकीची घंटा या त्यांच्या पुस्तकाचे हस्तलिखित अमेरिकी सेन्सॉरने बराच काळ अडवून धरले. १९४९ साली ते प्रसिद्ध झाले आणि देशभर वाचले गेले. लेखनातून मिळालेल्या पैशांतून त्यांनी जळालेल्या उराकामीत चेरीची एक हजार झाडे लावून घेतली आणि मुलांसाठी छोटे वाचनालय उघडले. १९४८ साली हेलन केलर त्यांना भेटायला आल्या, १९४९ साली जपानचे सम्राट आले. अंत जवळ आल्यावर, या रोगाची शेवटची अवस्था विद्यार्थ्यांना पाहता यावी म्हणून ते आपल्या जुन्या इस्पितळात दाखल झाले. १ मे १९५१ रोजी, ४३ व्या वर्षी, हाती क्रूस घेऊन प्रार्थना करत त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे शवविच्छेदन झाले. अंत्यविधीला सुमारे २० हजार लोक आले. मिदोरीच्या शेजारीच त्यांना पुरले आहे.

त्या पुस्तकाच्या नावातली घंटा खरी आहे. कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांत दोन घंटा होत्या. एक फुटून गेली. दुसरी ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लोकांनी ती वाजवली. कॅथेड्रल १९५९ साली पुन्हा उभे राहिले, पण दुसऱ्या मनोऱ्यात घंटा नव्हती. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ८० वर्षांनी, ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. बॉम्ब ज्या देशाचा होता, ही घंटाही त्याच देशातून आली.

या जीवनावरून आम्हांला आपल्या धर्मग्रामासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की दुःखी माणसाला देवाची इच्छा होती असे सांगण्याची घाई करू नका. नागाई जे बोलले ते त्यांनी स्वतःच्या पत्नीची हाडे उचलल्यानंतर, आपल्यासारख्याच होरपळलेल्या लोकांत बसून बोलले. तो हक्क मयताच्या ओट्यावर पाच मिनिटे टेकणाऱ्या आपल्याला नाही. तिथे जेवणाचा डबा न्यावा, मुलांना आपल्या घरी झोपायला आणावे, इस्पितळातल्या पाळीला एक रात्र बसावे. महिन्याभराने गर्दी ओसरल्यावर तर नक्की जावे.

दुसरी गोष्ट ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांच्यासाठी. का, हा प्रश्न देवाला विचारायला बंदी नाही. ईयोबाने विचारला, क्रुसावरून येशूने विचारला. नागाईंनाही त्याचे पूर्ण उत्तर मिळाले असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी उत्तराची वाट पाहत हात जोडून बसण्याऐवजी उरलेले दिवस कोणासाठी खर्चायचे ते ठरवले, आणि त्या कामात त्यांची श्रद्धा जिवंत राहिली. कधी प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तर जपमाळ नुसती हातात धरून बसा. मिदोरीच्या राखेजवळ तेवढीच उरली होती.

दरवर्षी ९ ऑगस्टला उराकामीची घंटा वाजते तेव्हा आपल्याकडे सकाळचे ७ वाजून ३२ मिनिटे झालेली असतात. त्या वेळी घरी असा, रस्त्यात असा किंवा गाडीत असा, नागासाकीच्या मृतांसाठी आणि आपल्या धर्मग्रामातल्या दुःखी घरांसाठी एक नमो मरिया म्हणावी, ही आमची विनंती आहे.